'आपोआप' हा शब्द खटकला
संकट आलं की माणूस आपोआप कणखर होतो, असं कुणीतरी लिहिलंय. त्यातलं 'आपोआप' काही पटलं नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा. लष्करातले बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, अपंगत्व आलं. पोहायला लागले ते उपचार म्हणून, पदकासाठी नव्हे! १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, थेट सुवर्ण. पद्मश्री मात्र २०१८मध्ये. (कदर करायला आपल्याला ४६ वर्षं लागली, असो.)

आमच्या अण्णांना पक्षाघातानंतर शर्टाचं एक बटण लावायला अर्धा तास लागायचा. कुणी हात पुढे केला की खेकसायचे. पण रोज सकाळी बोटांचा व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताई नसत्या, तर नुसत्या खेकसण्याने ते बटण लागलं नसतं.