व्हेनिस पायी पाहायचे आहे: मुक्काम कुठे करावा आणि पुलांचे काय?

नारळीपोफळी (गुहागर)

दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या मध्यावर मी आणि माझे यजमान इटलीला जाणार आहोत. बाकीचा प्रवास मुलीने आखून दिला आहे, पण व्हेनिसमधले दिवस आम्ही दोघांनी कोणत्याही टूरबरोबर न जाता, पायी आणि आमच्या मर्जीने घालवायचे ठरवले आहे. यजमानांना सपाटीवर कितीही चालवा, तक्रार नसते. पायऱ्या उतरताना मात्र त्यांचा गुडघा बोलू लागतो. समोरच्या मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला राहणे स्वस्त पडते, बेटावरची हॉटेले महाग आहेत. जास्तीचे पैसे मोजून बेटावर राहण्यात अर्थ आहे का? शिवाय नोव्हेंबरात शहरात पाणी शिरते आणि पर्यटकांकडून प्रवेशशुल्कही घेतात असे वाचले; त्याबद्दलही कोणी जाणकाराने सांगावे.

कातळवाट (रत्नागिरी)

बेटावरच राहा. मेस्त्रेहून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत येता येते हे खरे, पण मग दुपारी पाय दमल्यावर खोलीवर जाऊन तासभर आडवे होण्याची सोय राहत नाही आणि गुडघ्याला नेमकी तीच विश्रांती हवी असते.

व्हेनिसमध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, पुलांमध्ये मोजावे. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. म्हणून हॉटेल निवडताना ते स्थानकापासून किती लांब आहे यापेक्षा वाटेत किती पूल लागतात ते विचारा. सांता लुचिया स्थानकातून बाहेर पडून डावीकडे वळले की लिस्ता दी स्पान्या हा रस्ता लागतो. तिथून गुल्ये पुलापर्यंत एकही पूल ओलांडावा लागत नाही, त्यामुळे बॅगा सरळ ओढत नेता येतात. परिसर थोडा गजबजलेला आणि दुकानदारीचा आहे, पण तुमच्यासाठी मी तोच निवडेन. घरांचे क्रमांक गल्लीवार नसून संपूर्ण विभागाला सलग दिलेले असतात आणि ते काही हजारांत जातात. तेव्हा पत्त्याबरोबर जवळच्या चौकाचे किंवा पुलाचे नावही हॉटेलकडून लिहून घ्या.

दुसरी युक्ती त्राघेत्तोची, म्हणजे आपल्याकडच्या तरीची. शहराच्या मधून जाणाऱ्या ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यावर पूल फक्त चार आहेत, पण मधे काही ठिकाणी दोन वल्हेकरी मोठ्या गोंडोलातून माणसांना पैलतीरी सोडतात. परगावच्या माणसाला 2 युरो पडतात. स्त्रादा नोव्हा या रुंद रस्त्याने सांता सोफियाच्या धक्क्यावर जाऊन त्यात बसलात, तर रियाल्तो पुलाच्या पायऱ्या न चढता थेट समोरच्या मासळीबाजारात उतरता.

शुल्काची चिंता सोडा. 2024 आणि 2025 मध्ये ते एप्रिल ते जुलैमधील ठरावीक दिवशीच, तेही मुक्काम न करणाऱ्यांकडून घेतले गेले. जाण्यापूर्वी एकदा पालिकेचे संकेतस्थळ पाहा, म्हणजे झाले.

देवगडबंदर

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरांहून अधिक चढते-उतरते. तिथे साध्या दिवसांत हा फरक मीटरभरही नसतो. आपण अमावास्या-पौर्णिमा पाहून निश्चिंत होतो, पण व्हेनिसला तेवढ्यावर भागत नाही, कारण आग्नेयेकडून वाहणारा सिरोको वारा लांबट, अरुंद एड्रियाटिक समुद्राचे पाणी उत्तर टोकाला रेटून धरतो आणि ते नेमके भरतीच्या वेळी आले की शहरात शिरते. 12 नोव्हेंबर 2019 रोजी पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढले होते. 1966 मध्ये 194 पर्यंत.

हे आकडे वाचून घाबरू नका, कारण ते रस्त्यावरच्या पाण्याची खोली सांगत नाहीत. 1897 मध्ये ठरवलेल्या समुद्रपातळीच्या शून्यापासून ते मोजतात, आणि 110 सेंटिमीटरला शहराचा साधारण आठवा भागच ओला होतो. ऑक्टोबर 2020 पासून खाजणाच्या तीन मुखांवरचे 78 पोलादी दरवाजे मोठ्या भरतीला उभे केले जातात. तरीही सेंट मार्क चौक सर्वांत सखल असल्यामुळे 80 ते 110 च्या दरम्यान तिथे पाणी येऊ शकते. भरतीचा अंदाज पालिका रोज जाहीर करते. तो पाहून चौक ओहोटीच्या वेळी गाठावा. गमबूट घरून नेऊ नका, लागलेच तर तिथे मिळतात.

नारळीपोफळी (गुहागर)

दोघांचेही आभार. मासळीबाजाराचे वाचून यजमानांनी तेवढा एक दिवस पक्का केला आहे. चर्च आणि संग्रहालये आम्ही मोजकीच पाहणार आहोत. नुसते हिंडताना मुद्दाम थांबून पाहावे असे काय आहे?

खाडीपलीकडे (वेंगुर्ले)

मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो आणि दुपारपर्यंत आवरतो, हे आधी लक्षात घ्या. तिथे भिंतीवर एक जुनी संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर एकेका माशाचे नाव आणि त्यापुढे सेंटिमीटरमध्ये किमान लांबी कोरलेली आहे. त्याहून लहान मासा विकायला मनाई होती. आपल्या बंदरांवर बारीक जाळ्यांवरून जे वाद चालतात ते माहीत असलेल्या माणसाने ती पाटी सावकाश वाचावी.

दुसरे, चौकांमधल्या विहिरी. चहूबाजूंनी खारे पाणी असताना हे शहर प्यायचे काय, असा प्रश्न कोकणातल्या माणसाला पडतोच. चौकातल्या नक्षीदार दगडी काठाभोवती जमीन नीट न्याहाळा: फरसबंदी भोके पाडलेल्या चार दगडांकडे किंचित उतरती दिसेल. पावसाचे पाणी त्या भोकांतून खालच्या वाळूत जाई, गाळले जाई आणि मधल्या विटांच्या विहिरीत साठे. 1884 मध्ये नळाचे पाणी येईपर्यंत शहराची मुख्य भिस्त याच पाण्यावर होती. आता त्या विहिरींवर झाकणे आहेत.

तिसरे, सान त्रोव्हासोचा नौका-कारखाना. आत शिरायची गरज नाही. कालव्याच्या अलीकडच्या काठावरून दुरुस्तीला ओढून घेतलेल्या गोंडोला दिसतात. गोंडोला डावीकडे अधिक रुंद असते, कारण एकच वल्हेकरी उजव्या बाजूने वल्हवतो आणि तरी ती सरळ जायला हवी. तिथून जवळच झात्तेरे हा रुंद, मोकळा धक्का आहे, दुपारच्या उन्हात बसायला उत्तम.

कातळवाट यांच्याशी एका बाबतीत मात्र मी सहमत नाही. तरीवर सगळे भागेल असे त्यांच्या लिहिण्यावरून वाटते, पण सांता सोफियाची तरी रात्री नसते, आणि गुडघा दुखू लागला की व्हापोरेत्तोशिवाय, म्हणजे कालव्यातल्या सार्वजनिक बोटीशिवाय, पर्याय नाही. त्याचे सुटे तिकीट 75 मिनिटांसाठी 9.50 युरोचे आहे, म्हणजे दोघांना एका फेरीला 19 युरो. त्यापेक्षा ठरावीक तासांचा पास काढा आणि त्याच्या वेळात मुरानो-बुरानो ही जवळची बेटेही उरकून घ्या.