मेल सर्व्हरनेही व्हायरस तपासावेत का?

प्रश्न:
आमच्या संस्थेच्या मेल सर्व्हरची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्यावर पोस्टफिक्स हे मेल पोचवणारे सॉफ्टवेअर आहे आणि साधारण ४० खाती आहेत. प्रत्येक संगणकावर अँटिव्हायरस असताना सर्व्हरनेही प्रत्येक मेल तपासणे म्हणजे खासगी पत्रव्यवहारात डोकावणे आहे, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. शिवाय क्लॅमएव्ही हा सर्व्हरवरचा व्हायरस स्कॅनर एक जीबीहून अधिक मेमरी अडवून बसतो. काय करावे?

उत्तर १:
अवश्य तपासावेत. २००० सालच्या 'आय लव्ह यू' या मेलने पसरलेल्या व्हायरसच्या प्रकरणात फाइलच्या नावातले 'व्हीबीएस' (चालणाऱ्या प्रोग्रॅमची खूण) हे शेवटचे एक्स्टेन्शन विंडोज लपवत असल्याने लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली, त्यांनी ती उघडली आणि ती त्यांच्या ॲड्रेस बुकमधल्या सर्वांना गेली. अशा वेळी ४० संगणकांवरचे अँटिव्हायरस अद्ययावत होण्याची वाट पाहण्यापेक्षा अशा फाइली अडवणारा सर्व्हरवरचा एक नियम पुरतो. डोकावण्याबद्दल म्हणाल, तर स्पॅम फिल्टर आजही पूर्ण मजकूर वाचतोच. त्याबद्दल सहसा कुणी तक्रार करत नाही.

उत्तर २:
तपासण्याला माझाही विरोध नाही, पण व्हायरस सापडल्यावर सर्व्हर काय करतो, हा खरा प्रश्न आहे. २००३ मध्ये सोबिग-एफ हा व्हायरस खोट्या प्रेषकांच्या नावाने फिरत होता आणि असंख्य सर्व्हर 'तुमच्या मेलमध्ये व्हायरस आहे' अशी पत्रे ज्यांचा काही संबंध नव्हता अशा लोकांना पाठवत होते. तो त्रास व्हायरसइतकाच झाला. म्हणून मेल आधी स्वीकारून नंतर परत पाठवू नये. दोन सर्व्हरमधला मेल देण्याघेण्याचा संवाद (एसएमटीपी) चालू असतानाच ५५० सारखा कायमच्या नकाराचा कोड देऊन नाकारावा. तपासणी चुकली असेल तर खऱ्या प्रेषकाला त्याचाच सर्व्हर कळवतो. मेल गुपचूप पुसून टाकणे मात्र सर्वांत वाईट.

उत्तर ३:
पासवर्ड असलेल्या झिप फाइलपुढे स्कॅनर हतबल असतो. २००४ मध्ये बेगल या व्हायरसने पासवर्ड मेलमध्येच लिहून ही पळवाट वापरली होती. पीजीपी या प्रणालीने कूटबद्ध केलेल्या, म्हणजे फक्त प्राप्तकर्त्यालाच वाचता येणाऱ्या मेलचेही तेच. त्यामुळे संगणकांवरचा अँटिव्हायरस काढू नका.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. स्कॅनरच बंद पडला, तर मेल तसाच आत सोडावा का?

उत्तर २:
नको. ४५१ हा तात्पुरत्या नकाराचा कोड द्यावा, म्हणजे पाठवणारा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये मिल्टर (स्कॅनर जोडण्याचा दुवा) वापरत असाल, तर तात्पुरता नकार हीच मूळ सेटिंग असते. ती बदलली गेलेली नाही ना, एवढे पाहा.