जांभ्याच्या भिंती, खोलीनिहाय वीजमोजणी: झिगबी, लोरा की वायफाय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तारकर्लीजवळ आमचा होमस्टे आहे. जुनं घर जाड जांभ्याच्या चिऱ्यांचं, मागे काही नव्या खोल्या आणि माडांच्या पलीकडे विहीर. खोलीनिहाय वीज मोजायची आहे, पाहुणे गेले की एसी-गिझर बंद करायचे आहेत आणि विहिरीवरचा पंप घरातून चालवायचा आहे. चिरे फोडून वायर ओढायला घरचे तयार नाहीत, मलाही ते नको वाटतं.

वायफाय मी जवळजवळ बाद केलंय. दोन भिंतींपलीकडे फोनलाच रेंज नसते, पावसाळ्यात चिरा पाणी प्यायला की आणखी कमी. झिगबी, म्हणजे घरातली छोटी उपकरणं बिनतारी जोडणारं तंत्र, तेही बहुधा वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, पण त्यातली विजेवर चालणारी उपकरणं एकमेकांचा निरोप पुढे ढकलतात, त्यामुळे एका भिंतीपुरती रेंज पुरते. २५० किलोबिट वेग मीटरच्या आकड्यांना भरपूर झाला.

माझी खरी अडचण इथेच आहे. खोली रिकामी झाली की आमच्याकडे तिचा मेन स्विच पाडतात. म्हणजे मधल्या खोलीतलं उपकरण मेलं की पलीकडच्या खोल्या तुटणार! ऑफ सीझनला तर अर्धं घर बंद असतं. निरोप पुढे ढकलणारी उपकरणं पॅसेजच्या वेगळ्या लाइनवर, छोट्या यूपीएसवर ठेवली तर भागेल का? असं कुणी केलंय का?

विहिरीसाठी लोरा, म्हणजे कमी वेगाचं पण लांब पल्ल्याचं बिनतारी तंत्र, बरं वाटतं. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही आणि ही लहर माडांतून नि भिंतींतून जास्त तग धरते. मात्र लोरावॅनचं (लोरावर जाळं चालवायची नियमावली) क्लास ए उपकरण स्वतः काही पाठवल्यानंतरच थोडा वेळ ऐकतं, म्हणजे पंप बंद करायचा हुकूम अडकून राहणार. तिथे वीज आहेच, तेव्हा सतत ऐकणारं क्लास सी घेईन, कॉन्टॅक्टर (पंपाचा जड प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) लावेन आणि टाकीचा फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप बंद करणारा तरंगता स्विच) स्वतंत्र ठेवेन. निरोप पोचला नाही तरी टाकी वाहता कामा नये.

झेड-वेव्ह, म्हणजे झिगबीसारखंच दुसरं तंत्र, तेही पाहिलं, पण भारताची ८६५.२ मेगाहर्ट्झची उपकरणं इथे सहज मिळत नाहीत आणि परदेशी फ्रिक्वेन्सीची घेण्यात अर्थ नाही.

घरात झिगबी आणि विहिरीला लोरा, अशी दोन जाळी एकाच गेटवेवर (सगळ्या उपकरणांचे निरोप गोळा करणारा डबा) सांभाळणं जड जातं का? की खोल्यांतले मीटरही सरळ लोरावरच घ्यावेत? आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी हे जरूर सांगा: खाऱ्या हवेत अँटेनाचे जोड आणि रिलेचे कॉन्टॅक्ट टिकवायला तुम्ही काय करता?