मदत हवी आहे: ग्राफिक नॉव्हेल छापून घरात पडलंय, खपवायचं कसं?

रंगीतपाणी
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. मी कोल्हापूरची, चित्रं काढते. स्वतःच्या पैशानं ग्राफिक नॉव्हेल छापलंय, ५०० प्रती. शंभरेक गेल्या, त्यातल्या निम्म्या नात्यात. बाकीची खोकी जिन्याखाली आहेत आणि दिवाळीच्या आत जिना मोकळा झाला पाहिजे असं आईचं फर्मान आहे.
इन्स्टावर रोज टाकते. बदाम येतात, ऑर्डर येत नाही. एका दुकानानं पुस्तक बालविभागात लावलं. दुसऱ्यानं ‘ताई, हे कुठल्या कप्प्यात घालू?’ असं विचारून परत दिलं. दिवाळीच्या आधी शाहू स्मारकच्या कलादालनात तीन दिवस मिळालेत. तिथं पुस्तकाची मूळ पानं, म्हणजे जलरंगातली चित्रं, लावणार आहे आणि तीही विकायची आहेत. पुस्तकावर भर देऊ की चित्रांवर? कुठं जाऊ, कुणाला भेटू? लवकर सांगा, पत्रिका छापायला टाकायची आहे. ‘कलेवर विश्वास ठेव’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

करवीरकाका
बाई, पुस्तकाचं नाव काय? विषय काय? भाषा मराठी की इंग्रजी? किंमत? पानं किती? जाहिरातीला मदत मागताय आणि पुस्तकाचं नावच सांगितलं नाहीत.

गुळाची_ढेप
ताई, कोल्हापुरात काय ठेवलंय? सरळ जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज करा. मुंबईत गिऱ्हाईक वेगळं असतं.

टर्पेंटाइन
@गुळाची_ढेप, जहांगीरची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. आईनं जिना दिवाळीपर्यंतच दिलाय. वाचा तरी आधी.

ऑफसेटवाला
छपाई डिजिटल की ऑफसेट? कागद कुठला? आर्ट पेपर असेल तर मॅट की ग्लॉसी? बायंडिंग शिलाईचं की नुसतं परफेक्ट, म्हणजे गोंदानं चिकटवलेलं? जलरंग म्हणताय म्हणजे निळा मेलेला असणार. अल्ट्रामरीन निळा छपाईच्या चार शाईंत तसा उतरतच नाही, आणि पाण्यासारखे फिके थर स्कॅनर खाऊन टाकतो. लोक हातात घेऊन परत ठेवत असतील तर आधी हे तपासा.

रंगीतपाणी
छापून झालंय हो! आता कागद विचारून काय करू? १३० जीएसएम मॅट आर्ट, ऑफसेट, शिलाई. निळा ठीक आलाय, तीन वेळा प्रूफ काढायला लावलं होतं.
नाव ‘दावं’. ९६ पानं, ६५० रुपये. २०१९ च्या महापुरावर आहे. आमच्या कोल्हापूरजवळच्या चिखलीतली एक म्हातारी आणि तिची म्हस.
भाषेचं म्हणाल तर शब्दच नाहीत त्यात. पानाच्या कोपऱ्यात फक्त पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे आहेत, फुटांत. ३९ ला सुरू होतं.

करवीरकाका
शब्दच नाहीत?

मिरजेचा_तंबोरा
९६ पानं, एक शब्द नाही, आणि ६५० रुपये. वाचायला वेळ किती लागतो? पंधरा मिनिटं?

टर्पेंटाइन
@मिरजेचा_तंबोरा, चित्र वाचायला किती वेळ लागतो हे बघणाऱ्यावर आहे. तुम्हाला पंधरा मिनिटं पुरत असतील.

पुस्तकवाली_पुणे
मी दुकानात बसते म्हणून सांगते. दुकानदाराची अडचण खरी आहे. मराठी दुकानात चित्रं दिसली की बालविभाग, आणि बालविभागात ६५० ची किंमत बघून पालक पुस्तक खाली ठेवतात. त्यात शब्द नाहीत, मग ललितमध्येही बसत नाही. कप्पा तुम्हीच सांगायचा. मागच्या कव्हरवर दोन ओळी आहेत का? नसतील तर एक कागदी पट्टी करून पुस्तकाभोवती गुंडाळा: ‘२०१९ चा महापूर, चित्रांतून. मोठ्यांसाठी.’ पट्टीला खर्च फार येत नाही.
दुकानाला किती टक्के देताय?

रंगीतपाणी
मागचं कव्हर कोरं आहे. मुद्दाम.
दुकानवाले ४० मागतात, वितरक ५०. मला एक प्रत २३० ला पडली आहे.

सीए_सांगलीकर
म्हणजे दुकानातून विकलंत तर ३९० हातात, त्यातून २३० वजा, राहिले १६०. वितरकाकडून ९५. आणि पैसे विक्री झाल्यावर, कधी तेही नाही. स्वतः विकलंत तर ४२०. प्रदर्शनात ५० प्रती गेल्या तर दुकानातल्या सव्वाशेहून जास्त सुटतील.
छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, चित्रावर आहे. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री राज्यातच असेल तर नोंदणीचं बंधन नाही, पण पुस्तक आणि चित्र एकाच बिलात घालू नका. पुढं वाढलात तर निस्तरत बसाल.

नियमावली
प्रकाशक तुम्हीच आहात ना? मग १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्या खर्चानं प्रत पाठवावी लागते. पाठवली का? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, काढला का?

रंगीतपाणी
आयएसबीएन आहे. ते मी विचारलंच नव्हतं.

गुळाची_ढेप
आयएसबीएनला माझ्या मित्रानं ३००० मोजले. तुम्ही किती दिले?

नियमावली
शून्य. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय एजन्सीच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करायचा. तुमच्या मित्राला कुणीतरी घोळात घेतलं.

गुळाची_ढेप
मित्र सीए आहे.

सीए_सांगलीकर
मी नव्हे.

चौकटराजा_राजारामपुरी
फ्रेमिंगचा धंदा आहे म्हणून बोलतो. ताई, मूळ चित्रं विकायची तर माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, घातल्याशिवाय लावू नका. काच कागदाला टेकली की आपल्याकडच्या दमट हवेत कागद तिला चिकटतो, पुढच्या पावसाळ्यात बुरशीचे पिवळे ठिपके. मागं साधं हार्डबोर्ड लावलं तर चार-पाच वर्षांत कडेनं तपकिरी रेघ उमटते. ॲसिड-फ्री माउंट महाग पडतो, पण गिऱ्हाईक घरी नेल्यावर शिव्या देत नाही. पानं किती लावणार? साइज?

टर्पेंटाइन
थांबा, थांबा. मूळ पानं सुटी विकायचीच कशाला? एकदा फुटली की पुस्तक परत छापताना स्कॅनला कुणाच्या दारात जाणार? आणि ही एक मालिका आहे. कोपऱ्यात पाणी चढत जातंय. ४३ फुटांना धोक्याची पातळी, पुढं ५५ च्याही वर गेलं होतं ते. मधलं पान कुणा डॉक्टरच्या दवाखान्यात आणि शेवटचं कुणाच्या हॉलमध्ये, याला काय अर्थ? सगळी एकत्र कुठल्या तरी संग्रहाला द्या.

चौकटराजा_राजारामपुरी
सर, संग्रहवाले पैसे देणार का? कोल्हापुरात चित्र हॉलमध्ये लागतं म्हणून तर चित्रकार जगतोय. आणि चांगलं स्कॅन आधीच असेल ना?

टर्पेंटाइन
चित्रकार हॉलमुळं जगला म्हणे. आबालाल रहिमानांना शाहू महाराजांचा आश्रय होता, सोफ्याच्या वर शोभेल असं काढावं लागलं नाही त्यांना.

करवीरकाका
आता आबालालांवर आलोच आहोत तर बाबूराव पेंटरांनाही आठवा. एवढा मोठा चित्रकार, पण स्वतःच्या सिनेमाची पोस्टरं स्वतः रंगवली. जाहिरातीचं वावडं त्यांना नव्हतं. मागचं कव्हर कोरं ठेवायचा सोस मला तरी कळला नाही. (राजारामपुरीतलं अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय बाहेरून येणाऱ्यांनी जरूर बघावं. स्थानिक लोक फिरकत नाहीत.)

दूधकट्टा
ताई मी गंगावेशीतला. पुस्तक वाचलं न्हाई, पण तुमच्या इन्स्टावर कव्हर बघितलं. म्हशीची शिंगं चुकल्यात. चिखलीत म्हातारीकडं मुऱ्हा जातीची म्हस कुठली? पंढरपुरी असणार. तिची शिंगं लांब, तलवारीगत मागं खांद्यापर्यंत जात्यात. तुमची कानामागं गुंडाळल्यागत वाटत्यात.

रंगीतपाणी
दादा, ती पंढरपुरीच आहे. कव्हरवर ती समोरून दिसते, पाण्यात गळ्यापर्यंत, म्हणून शिंगं आखूड वाटतात. पान ३१ बघा, कुशीवरून काढली आहे. आमच्या शेजारच्या गोठ्यात बसून काढली आहे.

दूधकट्टा
३१ चा फोटो टाका.

दूधकट्टा
बघितला. हाय, पंढरपुरीच हाय. मान वळवून रेडकाकडं बघत्या त्ये लय भारी जमलंय. दावं कापल्यावर म्हस लगेच जात न्हाई, जाग्यावरच उभी ऱ्हात्या, त्ये कुणी सांगितलं तुम्हाला?

रंगीतपाणी
चिखलीतल्या एका आजींनी. पूर ओसरल्यावर गेले होते.

दूधकट्टा
मग दुकानं कशाला फिरतासा? दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून पळवत्यात, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, गाडीच्या मागं. पंचगंगा घाटावर, सागरमाळला, कसबा बावड्यात अख्खं गाव असतंय. तिथं टेबल टाका. ही गोष्ट त्यांची हाय.

मिरजेचा_तंबोरा
पाडव्याला सायलेन्सर काढलेल्या गाड्यांच्या आवाजात म्हसवाला ६५० रुपये काढून पुस्तक घेणार?

दूधकट्टा
लाखाच्या वर म्हस घेतोय, तिच्या घुंगराला हजार घालतोय. ६५० च काय सांगतासा? वाचता येत न्हाई त्या माणसाला बी ह्ये पुस्तक बघता येतंय, त्ये बघा की आधी.

ऑफसेटवाला
मुद्द्याचं बोललात. पण पुस्तक नाही, कॅलेंडर! बारा महिने बारा म्हशी. दिवाळीला बरोबर मुहूर्त. चित्रं तयारच आहेत. प्रत्येक गोठ्यात भिंतीवर लागेल, खाली दुधाचा हिशोब लिहायला जागा सोडू. हजार प्रती काढल्यात तर दर पाडून देतो.

रंगीतपाणी
कॅलेंडर काढणार नाही.

ऑफसेटवाला
विचार करा.

टर्पेंटाइन
कॅलेंडरवर तांबडी तारीख आणि खाली पुरात बुडणारी म्हातारी. शोभेल का हे?

पुस्तकवाली_पुणे
कॅलेंडर राहू द्या, पण पान ३१ चं पोस्टकार्ड करा आणि प्रत्येक प्रतीत घाला. प्रदर्शनात चित्र परवडत नाही असा माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये, त्याच्यासाठी कार्ड. पुस्तक टेबलावर साखळीला बांधल्यासारखं एकच ठेवू नका, चार-पाच उघडी ठेवा, पानं मळली तरी चालतील. आणि मूळ चित्रांची किंमत अजून सांगितली नाहीत.

रंगीतपाणी
४००० ते १५०००. दोन पानांवर पसरलेल्या चित्राची जास्त.

पुस्तकवाली_पुणे
मग चित्र घेणाऱ्याला पुस्तक भेट द्या, उलटं नको. आणि टपालानं पाठवताना २०२५ मध्ये सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवा बघा, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. कुरिअरपेक्षा पुष्कळ स्वस्त. आत जाहिरातीचा कागद चालत नाही आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. तुमचं पुस्तक पॅकिंगसकट ३०० च्या वर जाईल असं वाटतं.

मिरजेचा_तंबोरा
आत एकही शब्द नाही म्हणून पोस्टमास्तरांनी ‘ज्ञान कुठं आहे?’ विचारलं तर?

चौकटराजा_राजारामपुरी
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पानं किती, साइज काय?

रंगीतपाणी
बावीस पानं लावते. १५ बाय २२ इंच कागद, ३०० जीएसएम कोल्ड प्रेस, म्हणजे जाड, खरखरीत. सगळ्यांना फ्रेम परवडणार नाही. आठ फ्रेममध्ये, बाकी नुसती माउंट करून वर पारदर्शक शीट, चालेल?

चौकटराजा_राजारामपुरी
तीन दिवसांसाठी चालेल. पण विकलं गेलं की शीट काढून द्या, आत दमट हवा कोंडते. आणि संध्याकाळचं ऊन चित्रावर पडू देऊ नका, गुलाबी आधी उडतो.

हौशी_पालक
धागा छान आहे. ताई, तुम्ही क्लास घेता का? मुलगी आठवीत आहे, चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा द्यायची आहे, दहावीला मार्क मिळतात म्हणे. वॉटरकलरला कुठला ब्रँड घ्यावा?

रंगीतपाणी
क्लास घेत नाही. विद्यार्थ्यांना कॅमलच्या ट्यूब पुरतात, पैसे कागदावर घाला.
बाकी सगळ्यांना धन्यवाद. कागदी पट्टी करते. शेवटची सहा पानं एकत्रच ठेवायची ठरवली आहे, ती विकायची नाहीत. पोस्टकार्डं करते.
@दूधकट्टा, पाडव्याला घाटावर टेबल लावायला परवानगी कुणाची लागते? महापालिकेची, की तिथल्या तालमीत, म्हणजे पेठेतल्या मंडळात, विचारू?

दूधकट्टा
तालमीत विचारा आधी. नंबर खाजगी निरोपात धाडतो. आन् त्या ३१ व्या पानाचं पोस्टर पाहिजे मला, कट्ट्यावर लावायला. पैसे देतो.

ऑफसेटवाला
पोस्टर १८ बाय २३ इंचांत बसतं. शंभर प्रतींच्या खाली परवडत नाही.