शब्दचर्चा : ‘उमेदवार’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न, पुण्याहून

काल अभ्यासिकेत विषय निघाला, तो डोक्यातून जात नाही. माझ्या हॉल तिकिटावर ‘उमेदवाराचे नाव’ असं छापलेलं आहे. अभ्यासिकेच्या खिडकीतून समोरच्या चौकातला फ्लेक्स दिसतो. त्यावर सत्तरी उलटलेल्या एका गृहस्थांच्या फोटोखाली ‘अधिकृत उमेदवार’. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “शब्द एकच, पण आपण कायम हॉल तिकिटावरचेच राहणार.” हे दोन अर्थ एका शब्दात आले कसे? आणि म्हाताऱ्या पुढाऱ्यांच्या राज्याला मराठीत नेमका शब्द कुठला? ‘वृद्धशाही’ पुस्तकी वाटतो.

प्रतिसाद, नाशिकहून

मुली, मी टर्नर होतो, आता निवृत्त आहे. माझ्या आयुष्यात हा शब्द आधी आला तो कारखान्यात. आयटीआय करून लागलो तेव्हा माझ्या कार्डावर ‘शिकाऊ उमेदवार’ लिहिलं होतं. १९६१च्या कायद्याचं मराठी नावच ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ आहे.

मूळ फारसी. ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि ‘वार’ लागला की आशा धरून असलेला. मराठीने या उमेदीला वयही जोडलं. आपण ‘उमेदीची वर्षं’, ‘भर उमेदीत गेला’ म्हणतो ते तरुणपणाबद्दल. ‘उमेदवारी करणे’ म्हणजे पुढे जागा मिळेल या आशेवर, कमी पैशात किंवा फुकट, कुणाच्या तरी हाताखाली राबणं. वकिलीत अजून म्हणतात, ‘अमक्याकडे पाच वर्षं उमेदवारी केली.’ निवडणुका आल्या तशी पदाची आशा धरणाऱ्यालाही हीच संज्ञा लागली.

म्हणजे शब्दात आशा आहे, तरुणपण आहे आणि वाट बघणंही आहे. माझ्या उमेदवारीला मुदत होती. लेथवर हात बसला की वस्ताद स्वतः बाजूला होऊन म्हणायचे, “घे, आता तू लाव जॉब.” राजकारणात ते बाजूला होणंच राहून गेलं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

प्रतिसाद, सोलापूरहून

काकांनी सांगितलं त्यात कार्यकर्त्यांची भाषा जोडतो. आमच्यात उमेदवारी करण्याला ‘सतरंज्या उचलणे’ म्हणतात. मी सात वर्षं उचलल्या आहेत. सभा संपली की दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची, धूळ नाकातोंडात जाते, मग घडी करून टेम्पोत टाकायची. महापालिकेची मुदत संपल्यावर निवडणूक कधीतरी लागेल म्हणून मी प्रभागासाठी तिकीट मागितलं. माझं वय तेव्हा २६. मला दोन वाक्यं ऐकायला मिळाली. “अजून वय आहे तुझं” आणि “गुडघ्याला बाशिंग बांधू नकोस.” बाशिंग कपाळाला बांधतात, उतावळा नवरा गुडघ्याला बांधतो. पण कपाळाला कधी बांधायचं ते कोणी सांगत नाही.

विधानसभेला, लोकसभेला उभं राहायला २५ वर्षं पुरी लागतात, महापालिकेला आणि ग्रामपंचायतीला २१. तरुणाची पहिली पायरी तीच. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षं उलटली तरी तिथे प्रशासक होते. आमच्याकडेही तेच. त्या काळात २१चे झाले त्यांच्यासाठी ही पायरीच नव्हती. कॉलेजातल्या निवडणुका तर नव्वदच्या दशकातच बंद झाल्या.

पुढाऱ्यांसाठी शब्द हवा असेल तर ‘खुर्ची उबवणे’ तयार आहे. त्यात वयाचा अपमान नाही, न उठण्याचा दोष तेवढा आहे.

प्रतिसाद, साताऱ्याहून

‘खुर्ची उबवणे’ला माझं मत. ‘म्हातारशाही’ वगैरे नको. माझी आजी ७९ वर्षांची आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाल्यापासून ती दर महिन्याला माहेरी जाऊन येते, आणि ती सवलत कोणी काढू नये. रुसवा आजीवर नाही. तिच्या वाट्याला हक्क येतो आणि माझ्या वाट्याला २०२४ची ‘युवा कार्य प्रशिक्षण योजना’ येते, म्हणजे पदवी असेल तर महिना दहा हजार, तेही सुरुवातीला सहाच महिने. तिचं चालू नाव ‘लाडका भाऊ’. भाऊ म्हटलं तरी आहे ती उमेदवारीच. सहा महिन्यांनी कार्यालयातला टेबल परत करून मी घरी आलो.

प्रश्नकर्ती, पुण्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची ‘मुदत’ वाचून वही उघडली. हॉल तिकिटावरच्या उमेदवाराला राज्यसेवेत खुल्या गटासाठी ३८ वर्षांची मर्यादा आहे, मागासवर्गीयांना ४३. ती ओलांडली की शासकीय कागदात ‘वयाधिक’, आणि आमच्या टेबलांवर ‘एजबार’. मार्च २०२१मध्ये तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, तेव्हा मुलं रस्त्यावर उतरली ती याच भीतीने, आमचं वय कोणासाठी थांबत नाही. फ्लेक्सवरच्या उमेदवाराला वरची मर्यादाच नाही. १८व्या लोकसभेतल्या खासदारांचं सरासरी वय ५६ आहे, चाळिशीपर्यंतचे साधारण दहात एक.

मैत्रिणीला आज हे वाचून दाखवलं. ती ३६ची आहे. तिने विचारलेलं इथे लिहिते: ‘वयाधिक’ला बोलीत दुसरा शब्द आहे का? तिच्या गावाकडे ‘वय उलटून गेलं’ म्हणतात, पण ते लग्न न झालेल्या मुलीला. तिला तोच शब्द दुसऱ्यांदा ऐकायचा नाही.