काळ्या मातीच्या पांदण रस्त्यासाठी थार: ऑटोमॅटिक घ्यावी की मॅन्युअल?

संत्राबाग

नमस्कार. मी नागपुरात राहतो आणि काटोलच्या पुढे आमची संत्र्याची बाग आहे. डांबरी रस्ता सुटल्यावर बागेपर्यंत साधारण तीन किलोमीटरचा पांदण रस्ता आहे. मध्ये एक नाला लागतो आणि त्याचे दोन्ही काठ बरेच उभे आहेत. उन्हाळ्यात कोणतीही गाडी जाते, परंतु मृगाचा पाऊस पडला की दिवाळीपर्यंत ट्रॅक्टरशिवाय तिकडे काही चालत नाही. म्हणून डिझेल इंजिनाची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी महिंद्रा थार घेण्याचे ठरवले आहे. अडले आहे ते फक्त गिअरबॉक्सवर. मी वीस वर्षे मॅन्युअल गाडी चालवत आलो आहे. माझी मुलगी मात्र ऑटोमॅटिकवरच शिकली, आणि यापुढे बागेचे काम तीच पाहणार आहे. शहरात टेस्ट ड्राइव्ह घेऊन चिखलातले काहीच कळत नाही. ज्यांनी आपल्याकडच्या काळ्या मातीत दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवल्या आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

कुहीकडचा

दादा, मी दोन्ही चालवल्या आहेत, आणि माझे मत ऑटोमॅटिकच्या बाजूने आहे. आपली माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या खाचांत अशी भरते की शंभर पावलांत टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी गाडी सरकत ठेवणे, हेच सगळ्यात महत्त्वाचे असते. मॅन्युअलमध्ये गिअर बदलायला क्लच दाबला की तेवढ्या क्षणापुरती चाकांकडे जाणारी ताकद तुटते, गाडी बसते, आणि पुन्हा उचलताना आपण अर्धा क्लच धरून इंजिन रेटत राहतो.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तुरीच्या शेताच्या बांधाशी माझी मॅन्युअल गाडी अशीच बसली. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल इतका घट्ट बसला होता की तो कुदळीने काढावा लागला. मी मागे-पुढे, मागे-पुढे करत राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी जळका वास आला, आणि त्यानंतर इंजिन कितीही ओरडले तरी गाडी जागची हलेना. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली आणि क्लच प्लेट बदलावी लागली. आता माझ्याकडे ऑटोमॅटिक आहे. त्याच बांधावर मी ती फोर-लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणाऱ्या स्थितीत), मॅन्युअल मोडवर दुसऱ्या गिअरला धरून ठेवतो आणि ॲक्सिलरेटर एकसारखा दाबून पार होतो.

वाडीचा मेकॅनिक

वरचा अनुभव खरा आहे. त्यामागचे कारण सांगतो. थारच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना त्यात तेलाचा प्रवाह जोडतो, घासून झिजणारी क्लच प्लेट तिथे नसते. गाडी जवळजवळ थांबलेली असताना हा कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, वाढवून पुढे पाठवतो, म्हणून दगडावर किंवा गाळात ती इंच इंच सरकवता येते. परंतु या सोयीची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. चाके अडकलेली असताना आपण ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. ऑक्टोबरच्या उन्हात असे सलग करू नये. थोडे थांबावे, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ द्यावे, आणि चिखलात नेहमी राबणाऱ्या गाडीचे गिअरबॉक्स तेल पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावे.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात. एएमटीमध्ये मॅन्युअलचाच क्लच असतो, फक्त तो मशीन दाबते, त्यामुळे चिखलात तो तसाच जळतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, हीसुद्धा अशा कामाला मी सुचवणार नाही. थारला सहा गिअरची आणि मारुतीच्या जिम्नीला चार गिअरची खरी टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळते, त्यामुळे या दोन गाड्यांबाबत ती काळजी नाही.

जुना जीपवाला

मला वेगळे म्हणायचे आहे. कुहीकडच्या भावांचा क्लच मॅन्युअल असल्यामुळे जळला, असे मला वाटत नाही. फोर-लो वेळेवर न लावल्यामुळे तो जळला असावा. फोर-लोमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर टाकून क्लच पूर्ण सोडला की गाडी ॲक्सिलरेटरला पाय न लावताही चालत राहते, आणि अर्धा क्लच धरण्याची वेळच येत नाही. मी अनेक पावसाळे याच पद्धतीने काढले आहेत.

दुसरे म्हणजे आपल्या नाल्याचा उतार. ओल्या काठावरून खाली जाताना ब्रेक दाबला की चाके लॉक होऊन गाडी आडवी होऊ शकते. तिथे खरा आधार इंजिन ब्रेकिंगचा, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीचा वेग रोखून धरते त्याचा असतो, आणि तो मॅन्युअलमध्ये सरळ आणि भरवशाचा मिळतो. ऑटोमॅटिकमध्येही पहिला गिअर लॉक करून उतरता येते, पण पकड थोडी सैल जाणवते. तिसरे, बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी धक्का मारून सुरू करता येते, ऑटोमॅटिक करता येत नाही. एवढे मात्र प्रामाणिकपणे सांगतो की मुलगी एकटी जाणार असेल आणि तिचा हात क्लचवर बसलेला नसेल, तर या नाल्यावर तिला क्लच शिकायला लावू नये.

संत्राबाग

आपणा सर्वांचे मनापासून आभार. जीपवाल्या दादांच्या शेवटच्या वाक्याने माझा निर्णय झाला, ऑटोमॅटिक घेतो. नाल्याच्या दोन्ही काठांवर पावसाळ्याआधी मुरूमही टाकून घेतो. एकच शंका उरली आहे: बागेत बॅटरी उतरली, किंवा गाडी ओढून आणावी लागली, तर मुलीने काय करावे?

वाडीचा मेकॅनिक

बॅटरीसाठी गाडीत जाड जंपर केबल ठेवा. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचेच असतात, तरी बॅटरीवर एकदा वाचून खात्री करावी. लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना जोडावी. काळ्या केबलचे एक टोक ट्रॅक्टरच्या ऋण टोकाला आणि दुसरे थारच्या इंजिनाजवळच्या रंग नसलेल्या धातूला लावावे. चिखलातून पाच-पन्नास फूट ओढून काढायला हरकत नाही, मात्र दोर गाडीच्या टो हुकलाच बांधावा, बंपरला किंवा ॲक्सलला नव्हे. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी चाके जमिनीवर ठेवून काटोलपर्यंत ओढत नेऊ नये, कारण इंजिन बंद असले की गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचा) छोटा दांडा न्यूट्रलवर आणता आला तर हा धोका टळतो; नाहीतर गाडी ट्रकवर चढवूनच आणावी. तो दांडा कसा टाकायचा, हे गाडी ताब्यात घेताना मुलीने स्वतःच्या हाताने दोन-तीन वेळा करून पाहावे.