मदत हवी आहे : मुलांचे व्हिडिओ दुसऱ्या संशोधकांना देताना ओळख कशी जपायची?

नमस्कार मंडळी. ऑटिझम असलेल्या ४ ते ९ वर्षांच्या मुलांचे आईसोबत खेळतानाचे व्हिडिओ आमच्याकडे आहेत. दुसऱ्या शहरातल्या एका गटाला ते अभ्यासासाठी हवेत. पालकांची संमती आहे, पण ती आमच्याच अभ्यासापुरती. त्यामुळे नव्याने विचारणार आहोतच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ वर्षांपुढच्या मुलांचा होकारही घ्यायचा आहे.

खरी अडचण चेहऱ्याची. तो धूसर केला की नजर कुठे वळली, हसू कधी आलं, हे सगळं जातं आणि आमचा अभ्यास तर त्याचाच आहे. ओपनपोज किंवा मीडियापाइप या सॉफ्टवेअरने व्हिडिओतून शरीराच्या फक्त सांध्यांचे बिंदू काढून देता येतात. हातांच्या हालचालींसाठी ते चालेल, पण नजरेसाठी नाही. शिवाय चालण्याच्या ढबीवरूनही माणूस ओळखता येतो. आणि आवाजाचं काय? आई मध्येच नावाने हाक मारते, शाळेच्या गणवेशावरचं बोधचिन्ह दिसतं.

मूळ चेहऱ्याऐवजी कृत्रिम चेहरा बसवून हावभाव टिकवणारं साधन कुणी वापरलंय का? लहान मुलांवर ते नीट चालतं का? की न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डेटाब्ररी या संशोधन-व्हिडिओंच्या संग्रहासारखं, मूळ व्हिडिओ फक्त करार केलेल्या संशोधकांनाच दाखवावेत? मला हाच मार्ग प्रामाणिक वाटतो. संमतीपत्राचा मराठी नमुना असेल तर कृपया द्या. पालकांना ‘नंतर व्हिडिओ काढून घेता येईल’ हे नेमकं कुठल्या शब्दांत सांगता?